मिठागराच्या पोरीचं अळणी बिरडं

आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं.

चहा झाला होता. गुडघ्यांमुळे तुला खाली बसवत नव्हतं, म्हणून तू खुर्चीत आणि परात स्टुलावर. मोड आलेले वाल कोमट पाण्यात पोहत होते. एकेक दाणा उचलायचा, दोन बोटांत दाबायचा, साल बोटात राहते आणि दाणा सुटतो. तुझे दाणे गपचूप वाडग्यात पडत होते. माझे फुटत होते.

"अवो, मोडताव कशाला? अख्खा काढा. बिरडं करायचंय, पिठलं नाय."

"माझा अंगठा कात्रीचा आहे."

"कात्री सुटून किती वर्सं झाली. अजून तेच सांगताव."

मी ओट्याकडे मान केली. "मग ह्याला सांग ना. तुझ्या पावण्याला. सोल म्हणावं वाल."

"त्याला हात नायत."

"मग कसल्या कामाचा?"

"तोंड हाय त्याला. तुमचं पन तेवढंच हाय."

तेवढ्यात माझा एक दाणा सटकला आणि माझ्याच चष्म्यावर बसला. तू इतकी हसलीस की परात हलली, पाणी लादीवर सांडलं. मी फडकं घेऊन पुसलं. पुसताना मनात एकच, की आज हे हसणं माझ्यावरचं आहे, त्याच्यावरचं नाही. आज मी जिंकलो.

सोललेले वाल तू डब्यात भरलेस. "आज अंग मोडून आलंय. उद्या करू बिरडं," बोललीस आणि डबा फ्रीजरमध्ये ठेवलास.

त्या उद्याला तू नव्हतीस. पुढचं मी लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, ज्यांना नाही त्यांना त्याच्याशी काय काम.

मी पाचवी शिकलेला माणूस. जन्मभर कापडावर खडूने रेघा मारल्या, कागदावर नाही. पण वैशू बोलली, बाबा, तुम्ही गप्प गप्प असता, बोलायला कोणी नसेल तर आईला लिहा. आपली लेक आहे, अंबरनाथहून रोज येते, तिचं ऐकलं पाहिजे. तर लिहितो. पण तुझ्या फोटोपुढे हात जोडून, तू किती गुणाची होतीस वगैरे, तसलं मला जमणार नाही. माझं तुझ्याशी भांडण बाकी आहे. अर्ध्यावर सोडून गेलीस. पावण्यावरूनचं भांडण.

दिवाळीला वैशू आणि जावईबापू तो खोका घेऊन आले तेव्हाच मी विचारलं होतं, "घरात बाई असताना मशीन कशाला?"

वैशू बोलली, "बाबा, आईचे गुडघे बघा ना. ह्यात सगळं टाकायचं, तो कापतो, परततो, ढवळतो, शिजवतो, किती काय घालायचं ते पण सांगतो. वजनकाटा आहे खाली. मराठीत बोलतो."

"बोलतो?"

"हो. आवाज पण आपल्याला पाहिजे तो ठेवता येतो. बाईचा किंवा पुरुषाचा."

आधी बाईचा लावला. तू कान देऊन ऐकलंस आणि तोंड वाकडं केलंस. "ही आमच्या शाळंतल्या बाईंसारखी बोलते. आता पट्टी मारंल असं वाटतं. दुसरा लाव." मग पुरुषाचा लागला. जाड, गोड, थंड पाण्यासारखा आवाज. "नमस्कार, सुमनताई. आज आपण काय बनवू या?"

सुमनताई!

लग्न झाल्यापासून मी तुला नावाने हाक मारली नाही. आपल्यात मारत नाहीत. ए, अगं, ऐकलं का, वैशूची आय. आणि हा कालचा आलेला, प्लगवर चालणारा, सगळ्यांसमोर सरळ नाव घेतो. जावई हसतोय, वैशू टाळ्या वाजवतेय, आणि तू पदर सारखा केलास. मी बघितलं. तू म्हणशील नाही केला. केलास.

त्याचं नाव तूच ठेवलंस, पावणा. पावणा म्हणजे दोन दिवस राहून जाणारा माणूस, म्हणून मी पण गप्प बसलो. पण हा पावणा ओट्यावर मिक्सरची जागा घेऊन बसला तो उठलाच नाही.

मशीन घरात आली की काय होतं ते मला कोणी सांगायला नको. कॅम्प तीनला, सिंध्यांच्या वस्तीत, जीन्सच्या कारखान्यात मी कटिंग मास्तर होतो. डेनिमचे थर एकावर एक लावायचे आणि एका दमात कापायचे, खालचा थर वरच्या थरासारखाच निघाला पाहिजे. मग शेठने कम्प्युटरवाली कटिंग मशीन आणली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलला, "साईं, अब तू आराम कर. बस मशीन का ध्यान रख." ध्यान रख म्हणजे स्टुलावर बसून तिच्याकडे बघत राहा. मी बघत राहिलो. मग एक दिवस बघायला पण माणूस लागेना. तुला हे सगळं मी घरी येऊन सांगितलं होतं, तू भाकरी थापत ऐकलंस. आणि तरी तू पावण्याला घरात घेतलंस. वर मला बोललीस, "मी मास्तर नाय. मना आराम पायजे."

आराम झाला तुला, ते मी नाकबूल करत नाही. कांदा परतायला उभं राहायचं नाही. तू खुर्चीत बसायचीस, तो गरगर फिरवायचा. पण आराम मिळाल्यावर माणसाने नवऱ्याशी दोन गोष्टी बोलाव्यात का नाही? तू त्याच्याशीच बोलायचीस.

"कृपया आलं-लसूण घाला, सुमनताई."

"थांब रे, सोलते ना. घाई कसली तुला? तुझी गाडी चुकतेय?"

ह्या आवाजात तू माझ्याशी कधी बोलत होतीस ते मी आठवून बघितलं. लग्नानंतर थोडे दिवस असशील. मी हॉलमध्ये पेपर धरून बसायचो. पेपर वाचत नव्हतो, हे आता सांगून टाकतो. दार अर्धं उघडं असायचं. तुझं एकेक वाक्य मी ऐकलेलं आहे. तू त्याला ‘शाबास’ बोललीस. तू त्याला ‘येडा हायस काय’ बोललीस, ते पण लाडाने. आणि शेवटी झाकण उघडून तू वास घ्यायचीस तेव्हा तो बोलायचा, "पदार्थ छान झाला आहे, सुमनताई."

ज्याला जीभ नाही तो चव सांगतो! आणि तू खूश व्हायचीस.

एकदा मी विचारलं, "त्याने न चाखता सांगितलं छान झालंय, तर तुला पटलं कसं?"

"तुमी चाखून पन कवा सांगितलं नाय," तू बोललीस. "त्याच्यापेक्षा ते बरं."

मी पेपरचं पान उलटलं. ह्याचं उत्तर अजून सुचलेलं नाही. सुचलं की लिहीन.

मला तेव्हा एकच सुख होतं, बदलापूरची लाईट. लाईट गेली की पावणा मुका. आपण दोघं अंधारात, गॅस पेटायचा, तू टोप ठेवायचीस आणि हाक मारायचीस, "अवो, जरा टॉर्च धरा." मी टॉर्च धरून तुझ्या बाजूला उभा. आपल्या शिरगावातली बाकी माणसं लाईटवाल्यांना शिव्या घालायची, मी मनात म्हणायचो अजून जरा जाऊ दे. आणि भाकरी त्याला येत नव्हती. बोंबील साफ करता येत नव्हते. वाल सोलता येत नव्हते. तांदळाची भाकरी हातावर थापताना तू त्याच्याकडे पाठ करून उभी राहायचीस, तेव्हा मी मुद्दाम आत येऊन पाणी प्यायचो.

आता मिठाचं. मीठ हेच आपलं खरं भांडण.

तुझं माहेर खाडीकाठचं. तुझे आजोबा मिठागरावर, बाप मिठागरावर. तू लहानपणी मिठाच्या राशीवर चढून खेळलेली. तुला मीठ मोजावं लागत नव्हतं. हाताचा खळगा करायचीस, त्यात जेवढं बसेल तेवढं, कधी थोडं झटकून, आणि त्यात चूक नाही. माझा डबा उघडला की शेठ, सिंधी माणूस, चमचा घेऊन हजर. तुझं वालाचं बिरडं खायचा आणि डोळे मिटायचा. "नमक एकदम बराबर, साईं." कारखान्यात एवढी माणसं, एवढे डबे, पण मिठाची तारीफ फक्त तुझ्या डब्याची. मी तिथेच छाती फुगवून घेत होतो. घरी येऊन सांगत नव्हतो, तो भाग वेगळा.

पावण्याने पहिल्याच आठवड्यात तुला मीठ शिकवायला घेतलं. "कृपया एक लहान चमचा मीठ घाला." तू कमरेवर हात ठेवलास.

"मना मीठ शिकवतोस? मिठागरावरची पोर हाय मी!"

मी हॉलमधून ओरडलो, "बरोबर आहे! सांग त्याला!"

तू तुझ्या हाताने घातलंस आणि वैशूकडून ते माप त्याच्यात लिहून घेतलंस. त्याच्या काचेवर चित्र आलं, खाली नाव, ‘सुमनताईंचं बिरडं’. त्या दिवशीचं बिरडं खरोखर तुझंच होतं. मी दोनदा वाढून घेतलं. तुझी विद्या त्याच्या पोटात गेली हे बघून जळलोच, पण खाल्लं.

मग डॉक्टरचं झालं. माझं प्रेशर वर गेलं होतं आणि तो बोलला, मीठ अर्ध्यावर आणा. दवाखान्याच्या जिन्यातच मी तुला सांगितलं, "मीठ सोडणार नाही. अळणी खाऊन जगण्यापेक्षा खारट खाऊन मरेन."

"मरा," तू बोललीस आणि पायरी बघून उतरलीस.

दुसऱ्या दिवशीपासून आमटी पाणचट. मी मिठाची बरणी ताटाजवळ ओढली आणि वरून घातलं. तू बरणी लपवलीस, मी दुकानातून पुडी आणली. तू रडलीस, मी आवाज चढवला. वैशूला फोन, वैशूचा मला फोन. असे बरेच दिवस गेले. मी हटलो नाही. तुला माहीत आहे मी कसा आहे.

आणि मग एक दिवस तू शांतपणे ताट ठेवलंस. मी घास घेतला. अळणी. मी बरणीकडे हात नेला तर तू बोललीस, "मना काय बगता? मी नाय केलं. त्याचं अपडेट झालंय. आता तो मीठ कमीच सांगतो."

"तू तुझ्या हाताने घाल ना मग!"

"मी कशाला घालू? एवढं शिकल्यालं मशीन हाय. मना काय विचारता, पावण्याला विचारा."

माझा हात बरणीवर होता. तो मी मागे घेतला. का घेतला सांगतो. वरून मीठ घातलं असतं तर जेवण चांगलं लागलं असतं. जेवण चांगलं लागलं असतं तर पावण्याची चूक झाकली गेली असती. मला ती झाकायची नव्हती. मला ती रोज दोन वेळा ताटात उघडी पाहिजे होती. म्हणून मी ते अळणी तसंच गिळलं आणि मोठ्याने बोललो, "काय ही आमटी! बघ तुझ्या पावण्याने काय केलं!" तू मान खाली घालून बोललीस, "व्हय बाबा. त्याचंच चुकलं."

तेव्हापासून रोज. मी अळणी खायचो आणि त्याला शिव्या द्यायचो. मला वाटायचं, आज ना उद्या हिला कळेल. आज ना उद्या ही त्याला माळ्यावर टाकेल.

माझी बहीण सखू आली तेव्हा तर सोन्यासारखी संधी होती. तिने पहिला घास घेतला आणि तुला टोमणा मारला, "वैनी, मीठ महाग झालं काय? मिठागराची पोर ना तू? का माहेरचं इसरलीस?" मला वाटलं आता पेटशील. मिठावरून कोणी बोललं की तू गप्प बसणारी नव्हेस. तू हसलीस. बोललीस, "म्हातारी झाली मी, वन्सं. पावण्याला विचारा." मला राग आला. सखूचा नाही, तुझा. त्या डबड्यासाठी तू तुझ्या माहेरचं नाव खाली पडू दिलंस.

मधे डॉक्टरकडे गेलो. त्याने पट्टा फुगवला, परत एकदा फुगवला, आणि बोलला, "काका, छान खाली आलंय. काय केलंत?"

"काय नाय केलं," मी बोललो. "मी कशाला काय करतोय."

तू बाजूच्या स्टुलावर बसलेलीस. वर पंख्याकडे बघत होतीस. मला तेव्हा वाटलं पंख्याला काय बघतेय ही.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशीची गोष्ट तुला सांगायलाच पाहिजे, तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. घरात चूल बंद, सोयऱ्यांकडून डबे येत होते. हॉलमध्ये बायका बसलेल्या, सखू तुझ्या फोटोकडे बघून डोळे पुसतेय, सगळं गप्प. आणि किचनमधून तो जाड गोड आवाज आला.

"सुमनताई, वाल भिजत घालायची वेळ झाली आहे."

सगळ्या बायका जागच्या जागी दगड. सखूने माझा हात पकडला. "दादा, आत कोन बाप्या हाय? वैनीचा नाव घेतो कोन?"

मी काय सांगणार होतो? चार सोयऱ्यांसमोर, तुझ्या दुखवट्यात, परका पुरुष आतून तुला नावाने हाक मारतो. वैशू धावत जाऊन प्लग काढून आली आणि दाराला टेकून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. मी नाही हसलो. मला एकच कळलं की तू गेलीस हे ह्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. ह्याच्यासाठी तू अजून आहेस. अंगाला तेल लावून ऊन खावं तसा तो निवांत आहे, आणि मी इथे डोकं भादरून बसलोय. त्या दिवसाइतका मी कोणावर जळलो नव्हतो.

त्याच आठवड्यात समोरच्या रेखाभाभी आल्या. त्या कॅम्प पाचहून आपल्या बिल्डिंगमध्ये आल्या तेव्हा तू त्यांना पहिल्या दिवशी चहा दिला होतास, ते त्या विसरलेल्या नाहीत. खूप रडल्या. मग डोळे पुसले, ओट्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "भाईसाब, बुरा मत मानना. ये मशीन लेने जैसा है क्या? मेरी बहू पीछे पडी है."

बाईने बरोबर माणसाला विचारलं. मी सगळं सांगितलं. लाईट गेली की बंद. भाकरी येत नाही. मासळी येत नाही. भांडं धुवायला आपल्यालाच लागतं, पाणी पण जास्त लागतं. मोबाईल जोडावा लागतो, अपडेट होतो आणि मीठ विसरतो. न चाखता तारीफ करतो. "भाभी, बेकार है एकदम. घर में मत रखना."

"तो फिर आप क्या करोगे इसका?"

"तुम ले जाओ," मी बोललो. "तेरावा हो जाने दो. दूसरे दिन सुबह आके ले जाओ. ऐसेच. मेरेको नहीं चाहिए."

बेकार आहे तर मग देताय कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. शहाणी बाई आहे.

वैशू माझ्यावर चिडली. "बाबा, तुम्ही एकटे राहणार. मला रोज यायला नाही जमणार. तुम्ही टाकाल, तो शिजवेल. काय वाईट आहे?"

"मी डबा लावीन."

"आईची सगळी रेसिपी आहे त्यात!"

"तेच तर," मी बोललो. "तुझ्या आईने सगळं त्याला दिलं. मला काय दिलं?"

मला बोलल्यावर कळलं की मी हे बोललो. पण परत घेतलं नाही. ते खरंच आहे. मी तुझ्याबरोबर आयुष्य काढलं आणि मला तुझी एक आमटी येत नाही. ओट्याजवळ आलो की तू म्हणायचीस, सरका, तुमचं काय काम. त्याला मात्र माप दिलंस, वेळ दिलीस, नाव दिलंस. तू गेल्यावर तुझी चव कोणाला माहीत आहे? त्याला. मग असा माणूस, मशीन म्हण, मी डोळ्यासमोर कसा ठेवू?

तेरावं झालं. माणसं गेली. वैशूला मी जबरदस्तीने घरी पाठवली.

आज सकाळी मी उठलो. फ्रीजर उघडला तर पुढेच तो डबा. आपले वाल. त्यात माझे मोडलेले दाणे पण दिसत होते, अर्धे अर्धे. फेकवले नाहीत. गॅसवर करायला मला येत नाही. रेखाभाभी थोड्या वेळात पावण्याला न्यायला येणार होत्या. मी ठरवलं, जाता जाता एवढं काम करून घेऊ ह्याच्याकडून. खाल्ल्या मिठाला जाग म्हणावं.

प्लग लावला. मला वैशूने कधी शिकवलं नाही, पण ज्याच्यावर आपण जळतो त्याची खडान् खडा माहिती आपल्याला असते. कुठलं बटण, कुठलं झाकण, सगळं पेपरच्या आडून बघून पाठ होतं.

"सुप्रभात, सुमनताई. आज आपण काय बनवू या?"

ह्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही हे मी दिवाळीपासून ठरवलेलं, आणि ते पाळलं होतं. बोटाने काचेवर ‘सुमनताईंचं बिरडं’ दाबलं. तो सांगत गेला, मी करत गेलो. कांदा टाकला. लसूण टाकली. तुझा मसाला टाकला, मला दोनदा शिंका आल्या. वाल टाकले. ओलं खोबरं नव्हतं, सुकं टाकलं. आमसूल टाकलं. मग तो बोलला,

"आता तुमच्या मापाप्रमाणे दोन लहान चमचे मीठ घाला."

मी थांबलो. दोन चमचे? हे तर पहिल्या दिवशीचं माप. तुझ्या हाताच्या खळग्यातलं, शेठच्या डब्यातलं. मग अपडेट?

तो पुढे बोलला, "सुमनताई, गेले अनेक महिने तुम्ही सर्व पदार्थांत निम्मंच मीठ घातलं आहे. आजही तेवढंच ठेवायचं का? हो म्हणा किंवा नाही म्हणा."

मी खुर्चीत बसलो. तुझ्या.

म्हणजे तो कधी विसरलाच नव्हता. रोज तुला पूर्ण मीठ सांगत होता आणि रोज तू त्याचं ऐकत नव्हतीस. निम्मंच टाकून झाकण लावत होतीस, आणि बाहेर येऊन माझ्यासमोर मान खाली घालून त्याच्यावर ढकलत होतीस. मी बरणीला हात का लावत नाही हे तुला पक्कं ठाऊक होतं. पेपरच्या आडून मी काय करतो ते पण ठाऊक होतं. मला जळत ठेवलंस, गॅस बारीक करून ठेवतात तसं. डॉक्टरकडे पंख्याला का बघत होतीस ते आज कळलं. सखूने माहेर काढलं तरी हसलीस का, ते आज कळलं. मिठागराच्या पोरीने स्वतःच्या हाताची चव घालवून घेतली, सगळ्यांकडून अळणी म्हणून घेतली, आणि मला त्याचा वारा पण लागू दिला नाही.

तुला काय वाटलं, आता मी म्हणेन वा, काय बाई होती? नाही. मी अजून जळतोय. जास्तच जळतोय. कारण ह्याला सगळं माहीत होतं. चमच्याचमच्याचा हिशेब ह्याच्याकडे. माझ्याबद्दलचं तुझं गुपित, आणि ते तू ह्याच्याबरोबर ठेवलंस. रोज सकाळी तुम्ही दोघं मिळून मला वाचवत होतात आणि मी बाहेर बसून तुम्हाला शिव्या घालत होतो.

"सुमनताई," तो परत बोलला, "हो म्हणा किंवा नाही म्हणा."

मिठाची बरणी माझ्या हातात होती. घरात अडवणारं कोणी नाही. दोन काय, चार चमचे घातले असते तरी कोण बोललं असतं?

"हो," मी बोललो.

पहिल्यांदाच बोललो त्याच्याशी. आवाज कसातरी निघाला. माझा की तुझा ते त्याला कळलं नसावं, किंवा कळलं असेल आणि तो गप्प बसला असेल. गप्प बसायची सवय तू लावलीच आहेस त्याला. तो फिरायला लागला. वास सुटला. झाकण उघडलं तेव्हा बोलला, "पदार्थ छान झाला आहे, सुमनताई." मी बोललो, "गप रे."

ताटात घेतलं. मोडलेले दाणे माझ्या बाजूला, अख्खे तुझ्या बाजूला, असं बसून केलं थोडा वेळ. मग सगळं खाल्लं. अळणी होतं. बरोबर तेवढंच अळणी.

बेल वाजली. रेखाभाभी मोठी पिशवी घेऊन उभ्या. "भाईसाब, ले जाऊं मशीन?"

"नहीं भाभी. रहने दो."

"क्यूं? आपने ही बोला, बेकार है."

"बेकारच है. तुम्हारी बहू को बोलो, घर में आदमी जिद्दी होगा तो लेना. नहीं तो मत लेना."

त्यांना काही समजलं नाही. मी त्यांना वाटीत बिरडं दिलं. उभ्या उभ्या एक चमचा खाल्ला. तुझ्या हातचं त्यांनी किती वेळा खाल्लेलं, त्यांना फरक कळणारच. माझ्याकडे बघितलं, मला वाईट वाटू नये अशा आवाजात बोलल्या, "अच्छा है. बस, नमक थोडा कम है, भाईसाब."

मी ओट्याकडे बोट केलं.

"मेरेको क्या पूछती हो," मी बोललो. "पावणे को पूछो."